छत्री फक्त मिरगाचीच का?

चामोर्शी तालुक्यात पायी फिरणाऱ्या माणसाला वर्षातले निम्म्याहून जास्त महिने डोक्यावर काहीतरी धरावं लागतं. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत ऊन, तिथून सप्टेंबर सरेपर्यंत पाऊस आणि पावसाच्या दोन सरींमध्ये पुन्हा ऊन. या दोन्हींना पुरी पडणारी, अडीचशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची आणि अंगाभोवती वारा खेळता ठेवणारी वस्तू माणसानं फार पूर्वीच तयार करून ठेवली आहे. तरीही ती इथे वेळेवर मिळत नाही. मिळाली तर चुकीची मिळते. योग्य ती मिळालीच, तर उघडल्याबद्दल रस्त्यात दहा जणांना खुलासा द्यावा लागतो. छत्रीला मिळणाऱ्या या वागणुकीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी क्रमानं मांडतो.

आधी आम्ही कुठे चालतो ते सांगायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. तालुक्यात चढून जावं असा गड नाही. इथली भटकंती सपाटीची आणि जंगलाची. चामोर्शीहून मार्कंड्याला जायचं, तिथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि काठावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला कितीतरी लोक तिथे पायी जातात. घोटकडून रेगडीला गेलं की दिना नदीवरचा कन्नमवार जलाशय लागतो. आष्टीच्या पुढे चपराळा आहे. तिथे वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात, पुढे त्यांचं नाव प्राणहिता होतं आणि काठानं १९८६ साली जाहीर झालेलं अभयारण्य पसरलेलं आहे. मधल्या वाटा पांदणीच्या, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून जाणाऱ्या, एखाद्या बोडीला वळसा घालून सागाच्या जंगलात शिरणाऱ्या.

जंगल म्हटलं की सावली आलीच, असं बाहेरचा माणूस धरून चालतो. हा माझ्या यादीतला पहिला मुद्दा आहे. साग उन्हाळ्याआधीच पानं टाकून मोकळा होतो आणि त्याला नीट पालवी फुटते ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा सावलीची खरी गरज असते, तेव्हा सागाच्या जंगलात उभ्या काठ्यांच्या सावल्या तेवढ्या जमिनीवर पडलेल्या असतात. खाली वाळलेल्या पानांचा थर, वर थेट सूर्य. मोहाच्या झाडाला नवी पालवी लवकर येते, पण दोन मोहांमधलं अंतर उन्हातूनच कापावं लागतं. मार्कंड्याजवळच्या वाळूच्या पात्रात तर मोहही नाही. ‘जंगलातच तर जाताय, छत्री कशाला?’ असं विचारणाऱ्यानं मे महिन्यातला साग एकदा डोळ्यांनी पाहावा.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. चंद्रपूर आणि आसपासचा पट्टा देशातल्या सर्वांत तापणाऱ्या भागांत मोडतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांपर्यंत गेलेला आपण वर्तमानपत्रात वाचलेला आहे. हवामान खात्याच्या हिशेबात कमाल तापमान ४५ अंशांवर गेलं की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेलं की तीव्र लाट. हे आकडे मोजले जातात ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, हवा खेळती ठेवून. म्हणजे ४७ हा सावलीतला आकडा आहे. उन्हात चालणाऱ्या माणसाला तो तर लागतोच, वर सूर्याचा थेट मारा वेगळा सोसावा लागतो. भर दुपारी तो एका चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास असतो. छत्री हवेचं तापमान एका अंशानंही कमी करत नाही. ती हा वरचा मारा अडवते. हवा अंगापेक्षा तापलेली असते तेव्हा वाऱ्यानं गारवा मिळत नाही. शरीराकडे घाम उरतो आणि सावली उरते. घाम शरीर स्वतः काढतं, पण सावली आपल्याला सोबत न्यावी लागते.

याला उत्तर म्हणून दुपट्टा दाखवला जातो. दुपट्टा मीही बांधतो. डोकं, कान आणि मानेची मागची बाजू झाकायला त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. पण दुपट्ट्यावर पडलेलं ऊन दुपट्टाच तापवतं आणि दुपट्टा डोक्याला चिकटलेला असतो. छत्रीवर पडलेलं ऊन डोक्यापासून हातभर वर थांबतं आणि त्या हातभर जागेतून वारा जातो. खांदे, पाठ आणि पाठीवरची पाण्याची बाटलीसुद्धा सावलीत येते. चालताना सोबतचं पाणी तापत नाही, हा फायदा ज्यानं मेमध्ये गरम पाणी प्यायलं आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता बाजाराकडे वळतो. दरवर्षी उन्हाळा लागला की प्रशासनाच्या सूचना छापून येतात. दुपारी बाहेर पडू नका, पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, बाहेर पडताना टोपी, दुपट्टा किंवा छत्री वापरा. सूचना अगदी योग्य आहे. ती वाचून छत्री घ्यायला गेलो की दुकानात छत्री नसते. ‘मिरगात या भाऊ, माल तवाच येते,’ असं सांगितलं जातं. मृग लागतो ७-८ जूनला. तोवर नवतपा होऊन गेलेला असतो आणि वर्षातलं सगळ्यात वाईट ऊन माणसानं छत्रीविना काढलेलं असतं. कूलर होळीच्या आधी दुकानाबाहेर मांडले जातात, माठ मांडले जातात, टोप्या टांगल्या जातात. छत्री तेवढी माळ्यावर, मागच्या पावसाळ्यातल्या उरलेल्या मालात बांधून ठेवलेली असते. ती खाली काढायला शिडी आणि पाच मिनिटं लागतात. एवढ्या कारणासाठी एका पूर्ण ऋतूचं गिऱ्हाईक परत पाठवणं मला मान्य नाही.

जून उजाडला की माल येतो आणि मग पुढची अडचण सुरू होते. जे येतं ते मुख्यतः तीन घड्यांचं, पिशवीत मावणारं असतं. पिशवीत मावण्याच्या सोयीसाठी प्रत्येक काडीला सांधे पडतात आणि प्रत्येक सांधा हा मोडण्याची एक जागा असतो. जूनच्या सुरुवातीला इथे पावसाआधी जो वादळी वारा सुटतो, त्याच्या पहिल्या झोतात अशी छत्री उलटी होते. सुलटी केली तर एक काडी लोंबकळत राहते. पूर्वी आठवडी बाजारात छत्री दुरुस्त करणारा माणूस बसायचा. तार, पक्कड आणि जुन्या काड्यांची जुडी एवढ्या सामानात तो छत्री पुन्हा उभी करून द्यायचा. तीन घड्यांच्या छत्रीचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत, म्हणून तिला कोणी हातही लावत नाही. एका काडीपायी बाकीच्या सात चांगल्या काड्या, धड कापड आणि धड दांडा उकिरड्यावर जातो. मला हे दरवेळी लागतं.

दुसरा पर्याय म्हणजे लांब दांड्याची, वाकड्या मुठीची छत्री. ती वाऱ्याला टिकते, पण लोखंडी दांड्यामुळे आणि जाड मुठीमुळे अर्ध्या किलोच्या आसपास जाते. दिवसभर एका हातात ती धरून चालल्यावर खांदा बोलायला लागतो. हलकी पण न दुमडणारी, फायबरच्या लवचिक काड्यांची छत्री जगात बनते. वजन दोनशे ते अडीचशे ग्रॅम. वाऱ्यात काडी वाकते आणि परत जागेवर येते. ही काही अद्भुत गोष्ट नाही. काडी हलकी करायचा प्रश्न इंग्लंडमध्ये सॅम्युअल फॉक्सनं १८५२ मध्ये पन्हाळीच्या आकाराची पोलादी काडी काढून सोडवला होता. खिशात मावणारी घडीची छत्री जर्मनीत हान्स हाउप्टनं १९२० च्या दशकात तयार केली. मुंबईत १८६० पासून छत्र्यांचा धंदा चालत आलेला आहे. इतक्या जुन्या धंद्याकडून चालणाऱ्या माणसासाठी एक हलकी, सरळ, टिकाऊ छत्री तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचावी, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

छत्रीच्या लेबलाबद्दलही बोललं पाहिजे. लेबलावर २१ इंच किंवा २३ इंच लिहिलेलं असतं. हे माप काडीच्या लांबीचं असतं. छत्री उघडल्यावर सावली किती पडेल, ते लिहिलेलं नसतं. २१ इंची छत्रीखाली माणसाचं डोकं आणि खांदे कोरडे राहतात, पण पाठीवरची पिशवी भिजते. पिशवी घेऊन चालणाऱ्याला किमान २३ इंच लागते. वजन लिहिलेलं नसतं. ऊन किती अडवते ते लिहिलेलं नसतं. फुलांचा रंग मात्र निवडायला मिळतो.

आणि रंगाचीच सगळ्यात मोठी गडबड आहे. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये बाजारातल्या साध्या छत्र्या उन्हात तपासल्या. प्रत्येक छत्रीनं किमान ७७ टक्के अतिनील किरण अडवले आणि काळ्या छत्र्यांनी ९० टक्क्यांहून जास्त. म्हणजे आपली जुनी काळी छत्री त्वचेसाठी चांगलीच. पण काळं कापड ऊन गिळतं आणि तापतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात तासाभरानं ते डोक्यावर धरलेल्या तव्यासारखं खाली धग सोडायला लागतं. याचा उपाय उघड आहे. बाहेरून चंदेरी, म्हणजे ऊन परत फेकलं जाईल. आतून काळी, म्हणजे वाळूवरून आणि डांबरी रस्त्यावरून उसळलेला उजेड पुन्हा तोंडावर येणार नाही. आपल्या दुकानांत मिळणारी चंदेरी छत्री बरोबर याच्या उलट शिवलेली असते. चंदेरी मुलामा आत, गडद कापड बाहेर. वरचं ऊन गिळायचं आणि खालचा उजेड डोळ्यांत टाकायचा, अशी ही रचना वर्षानुवर्षं चालू आहे. कापड तेच, मुलामा तोच, खर्च तोच. फक्त शिवताना बाजू बदलायची आहे.

अमेरिकेत रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकानं १९९० च्या दशकात लांब पल्ल्याच्या पायी प्रवासासाठी छत्रीचा आग्रह धरला. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही चार हजार किलोमीटरहून लांब वाट त्यानं पत्नीसोबत चालून काढली होती. वाळवंटी टप्प्यासाठी त्यानं साध्या छत्रीवर चकाकणारं पातळ आवरण चढवलं, बाहेरच्या बाजूनं. पाठीवरचं ओझं कमी करण्याबद्दल ज्याचं नाव आजही घेतलं जातं, त्या माणसानं छत्रीला ओझं मानलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. अडीचशे ग्रॅम म्हणजे पाव लिटर पाणी. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाभरात त्याच्या कितीतरी पट घाम जातो.

आपल्याकडच्या पदभ्रमणाच्या सामानाच्या याद्या मात्र सह्याद्रीत बनतात. रेनकोट, पोंचो, टोपी, बूट. छत्रीवर काट. सह्याद्रीत ते बरोबर आहे. घाटमाथ्यावर वारा पाऊस आडवा मारतो, आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि कड्यावर दोन्ही हात मोकळे लागतात. तिथे छत्री नेऊ नये. पण गडचिरोलीचा पाऊस साधारण चौदाशे मिलिमीटरचा, जमीन सपाट आणि जंगलात वाऱ्याचा जोर झाडं मोडून काढतात. इथे जुलैमध्ये रेनकोट घालून तासभर चाललं की माणूस बाहेरून जेवढा भिजला असता तेवढाच आतून घामानं भिजतो. सागाला एव्हाना सुपाएवढी पानं आलेली असतात. पाऊस थांबल्यावरही ती अर्धा तास मोठाले थेंब टाकत राहतात. त्या थेंबांसाठी रेनकोट पुन्हा चढवायचा आणि पुन्हा उतरवायचा, यात अर्धी सकाळ जाते. छत्री उघडायला आणि मिटायला एक क्षण लागतो. पश्चिम महाराष्ट्रातली यादी पूर्व विदर्भाच्या पाठीवर जशीच्या तशी बांधू नये, एवढंच माझं म्हणणं.

छत्रीच्या मर्यादा मी लपवत नाही. गुडघ्याखाली पाय भिजतात. बांबूच्या बेटात आणि घाणेरीच्या झुडपांत ती अडकते आणि कापडाला भोक पडतं, तिथे ती मिटलीच पाहिजे. पावसाचा ताशा डोक्यावर वाजत असताना आजूबाजूची चाहूल ऐकू येत नाही. या जिल्ह्यात वाघ आहेत, अस्वलं आहेत आणि २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्तीही आहेत. म्हणून दाट जंगलात एकट्यानं जाऊ नये, वनखात्याच्या सूचना पाळाव्यात आणि छत्री डोळ्यांवर ओढून चालू नये. विजांच्या बाबतीत तर अपवादच नको. मार्कंड्याच्या मुख्य देवळावर पूर्वी वीज पडून शिखराचं नुकसान झालेलं आहे. दगडाच्या देवळाची ही गत, तर उघड्या बांधीत लोखंडी दांडा उभा धरून चालणाऱ्याचं काय होईल, हे सांगायला नको. गडगडाट ऐकू आला की छत्री मिटावी, एकट्या झाडाखाली थांबू नये, पक्कं घर गाठावं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, निघण्याआधी ते पाहावं. ही सगळी काळजी घेऊनही चालण्याच्या बहुतेक तासांना छत्रीच सगळ्यात सोयीची ठरते.

राहिला रस्त्यातला प्रश्न. एप्रिलमधल्या निरभ्र दुपारी छत्री उघडून चामोर्शीच्या रस्त्यानं निघालं की चहाच्या टपरीवरून हाक येते, ‘काहून भाऊ, आज पानी येनार हाये का?’ विचारणाऱ्यांत दुष्टपणा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण या प्रश्नाचा परिणाम वाईट आहे. बाईनं उन्हात छत्री धरली तर ती नाजूक ठरते आणि पुरुषानं धरली तर त्याचं हसं होतं. म्हणून कितीतरी लोक घरात छत्री असून ती नेत नाहीत आणि ऊन लागून आजारी पडतात. जपानमध्ये हीच अडचण होती. तिथल्या पर्यावरण मंत्रालयानं २०१९ मध्ये पुरुषांनीही उन्हात छत्री वापरावी असं जाहीर आवाहन केलं. जपानपेक्षा आपलं ऊन कडक आहे. आवाहनाची गरज आपल्याला जास्त आहे.

आणि हा विषय हौशी भटक्यांपुरता नाही, म्हणून मी तो इतक्या नेटानं मांडतो आहे. या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पायी चालणारी माणसं सुट्टीवर आलेली नसतात. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेली माणसं ओझं घेऊन परततात तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. आशाताई एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्यावर पायी जातात. रोवणीच्या दिवसांत बाया पाठीवर मेनकापडाचा तुकडा बांधून दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. त्यांना दोन्ही हात मोकळे लागतात, हातात धरायची छत्री त्यांच्या कामाची नाही. पण जाण्या-येण्याच्या वाटेवर ती कामाची आहे, आणि खांद्याच्या पट्ट्याला अडकवता येईल अशी साधी पकड मिळाली तर पाठीवर झोळी असतानाही हात मोकळे राहतात. अशी पकड बनवायला प्लॅस्टिकचे दोन चिमटे पुरतात. ती तालुक्याच्या दुकानात दिसत नाही, कारण तिच्याबद्दल कोणी विचारतच नाही.

म्हणून आता मागण्या स्पष्ट लिहितो. चामोर्शी, गडचिरोली, मूल, सावली इथल्या दुकानदारांनी छत्र्या होळीला माळ्यावरून खाली काढाव्यात. छत्री बनवणाऱ्यांनी लेबलावर वजन आणि उघडल्यावरचा घेर छापावा, चंदेरी बाजू बाहेर शिवावी आणि सुट्या काड्या विकाव्यात. विदर्भातल्या पदभ्रमण मंडळांनी सामानाची आपली वेगळी यादी करावी आणि तीत छत्रीला पाण्याच्या बाटलीखालची जागा द्यावी. उन्हाळ्याच्या सूचना काढणाऱ्यांनी तेंदूच्या हंगामाआधी जंगलात जाणाऱ्या कुटुंबांपर्यंत छत्र्या पोचवण्याचा विचार करावा. आणि वाचकांनी पुढच्या मार्चमध्ये दुकानात जाऊन छत्री मागावी. माळ्याला शिडी गिऱ्हाईकानं मागितल्याशिवाय लागत नाही, आणि दहा जणांनी मागितली की अकराव्याला सांगावं लागत नाही.